‘व्हेरी’ म्हणजे ३०१ ते ४००

इंग्रजी व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांच्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या, त्यांना जे जमलं नाही ते एका सरकारी तक्त्याने करून दाखवलं आहे. ‘व्हेरी’ या क्रियाविशेषणाचा नेमका अर्थ काय? फार? खूप? अतिशय? आणि फार म्हणजे किती फार? असले प्रश्न निदान नोएडात तरी आता कुणी विचारू नयेत. ‘व्हेरी’ म्हणजे ३०१ ते ४००. हवेचा आकडा ३०० असेल तर हवा नुसती ‘पुअर’, ३०१ झाला की ‘व्हेरी पुअर’. चारशेपर्यंत ‘व्हेरी’ पुरतं, ४०१ ला ते संपतं आणि ‘सिव्हिअर’ सुरू होतं. एखाद्या शब्दाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालून इतकी स्वच्छ हद्द आखून दिल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. नोएडातल्या एखाद्या भूखंडाची हद्दसुद्धा इतकी निर्विवाद नसेल.

हा तक्ता म्हणजे राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक, २०१५ पासून आपल्या बोलण्यात रुळलेला एक्यूआय. शून्य ते पाचशेची पट्टी आणि तिच्यावर सहा खण: ‘गुड’, ‘सॅटिस्फॅक्टरी’, ‘मॉडरेट’, ‘पुअर’, ‘व्हेरी पुअर’, ‘सिव्हिअर’. रोज दुपारी चारला मागच्या चोवीस तासांची सरासरी जाहीर होते. म्हणजे आपल्या वाट्याला येतं ते ‘व्हेरी’ ताजं नसतं, कालचं उरलेलं असतं. पण ते असो. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधल्या या शहरात सेक्टर १, ६२, ११६ आणि १२५ इथे हवा मोजणारी यंत्रं आहेत. दिवाळी सरली, वारा पडला, थंड हवेचा थर जमिनीलगत बसला, की लिफ्टमधल्या गप्पा पाऊसपाण्याच्या चालीवर सुरू होतात. बासष्टला ‘व्हेरी’ लागलं, एकशे सोळा अजून नुसत्या ‘पुअर’वर आहे. यात आपल्या सेक्टरचा थोडा अभिमानही मिसळलेला असतो. तिथे नोकरीला असलेल्या मराठी मुलाने पुण्याला आईला फोन करून ‘हवा व्हेरी पुअर आहे’ असं सांगावं, तर पलीकडून ‘मग स्वेटर घाल, कान झाक’ हेच उत्तर येणार. मराठीत हवा म्हणजे आधी थंडी-वारा, धूळ-धूर नंतर. आईचा हा सल्ला सरकारी सल्ल्यापेक्षा फारसा निरुपयोगी नाही, हे पुढे दिसेलच.

‘व्हेरी’चं कूळ काढलं तर ते जुन्या फ्रेंचमधल्या, ‘खरा’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जातं. खरेपणाची ग्वाही देता देता शब्द नुसता जोर देणारा होऊन बसतो. इंग्रजीतलं ‘रिअली’ याच वाटेने गेलं, आणि आपलं ‘खरोखर’सुद्धा बरंचसं तिकडेच निघालं आहे. त्याबद्दल तक्रार नाही. भाषेत हे चालायचंच. पण जोर देणाऱ्या शब्दाने एक अट पाळायची असते: तो ज्याला लागेल त्याचं वजन वाढलं पाहिजे, निदान घटता कामा नये. मराठीत तर हा कारभार फार कडक. आपल्याकडे जोर देणारा शब्द ज्याचा त्याला नेमून दिलेला आहे. वेडा असेल तर ठार, काळोख असेल तर मिट्ट, काळा असेल तर कुट्ट, पिवळा असेल तर धमक, आंबट असेल तर ढाण, आणि खोटं असेल तर धडधडीत. ठार हुशार कुणी नसतो, मिट्ट उजेड पडत नाही, आणि धडधडीत खरं बोलणारा अजून जन्माला यायचा आहे. ‘व्हेरी’ला असली काही निष्ठा नाही. ते ‘गुड’च्याही पुढे उभं राहतं, ‘सॉरी’च्याही आणि ‘पुअर’च्याही. तरीही ते वाढवतं, असा आपला सर्वांचा भाबडा समज आहे. माझं म्हणणं असं की, नोएडाच्या तक्त्यातलं ‘व्हेरी’ वाढवत नाही, घटवतं. जोर देणाऱ्या शब्दांच्या घराण्यात जन्मून दाबण्याची नोकरी पत्करलेला हा एकमेव शब्द असावा.

हे नुसतं म्हणून भागणार नाही, हिशेब मांडायला हवा. निर्देशांक ठरतो तो मोजलेल्या घटकांपैकी सर्वांत वाईट घटकावरून, आणि हिवाळ्यात या भागात तो मान बहुधा पीएम २.५ कडे, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांकडे जातो. तक्त्याप्रमाणे हे कण घनमीटरला ९१ ते १२० मायक्रोग्रॅम असले की हवा ‘पुअर’, आणि निर्देशांक २०१ ते ३००. म्हणजे साधारण तीस मायक्रोग्रॅमला शंभर गुण. पुढचा खण पाहा. १२१ ते २५० मायक्रोग्रॅम म्हणजे ‘व्हेरी पुअर’, आणि निर्देशांक ३०१ ते ४००. इथे एकशे तीस मायक्रोग्रॅमला तेच शंभर गुण. ‘पुअर’च्या खणात धूळ तीस मायक्रोग्रॅमने वाढली तर आकडा शंभराची उडी घेतो, ‘व्हेरी’च्या खणात तेवढीच धूळ वाढली तर तो जेमतेम तेवीस गुणांनी सरकतो. ३०१ वरून ४०० वर गेलेला आकडा वाचून माणसाला वाटतं, हवा तिसऱ्या हिश्शाने बिघडली. छातीत जाणारी धूळ तोवर दुप्पट होऊन गेलेली असते. ‘व्हेरी’ लागलं की आकड्याचा वेग मंदावतो. धुळीचा वेग मंदावण्याची सोय तक्त्यात नाही. मराठी वर्तमानपत्रं या ‘व्हेरी पुअर’चं ‘अतिखराब’ करतात आणि त्यात ती नकळत अगदी बरोबर असतात. अति तिथे माती ही म्हण इतक्या शब्दशः, मायक्रोग्रॅमच्या भाषेत, दुसरीकडे कुठे सिद्ध झालेली नाही.

तज्ज्ञ यावर म्हणतील की खणांच्या सीमा आरोग्यावरच्या परिणामांवरून ठरवतात, त्या सरळ रेषेत येणारच नाहीत, इतर देशांचे खणही असेच विषम आहेत. मान्य. रेषा वाकडी असायला हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्या लांबलचक वाकड्या रेषेवर एकच शब्द अंथरण्याला. १२१ ला आणि २५० ला तेच नाव, तीच सूचना: दीर्घकाळ संपर्क आला तर श्वसनाचे आजार होऊ शकतात. ‘दीर्घकाळ’ हा शब्दही चाखून पाहण्याजोगा आहे. वीस वर्षांच्या हप्त्यांवर नोएडात फ्लॅट घेतलेल्या माणसाचा नोएडाच्या हवेशी संपर्क दीर्घकाळ नसेल तर मग कसा असेल? ऐन ‘व्हेरी’त त्याने दोन महिने श्वास रोखून धरावा आणि संपर्क अल्पकालीन ठेवावा, अशी अपेक्षा असावी.

दुसरा आक्षेप: सामान्य माणसाला मायक्रोग्रॅम कळत नाहीत, त्याला सोपा शब्द लागतो. हा सामान्य माणूस कोण, हे एकदा तपासायला हवं. हाच माणूस ‘सुपर एरिया’ आणि ‘कार्पेट एरिया’तला फरक चौरस फुटांत सांगतो, कर्जाचा दर पाव टक्क्याने हलला तर किती हप्ते वाढले ते तोंडी काढतो, आणि जिन्याचा, लिफ्टचा, गच्चीचा किती हिस्सा आपल्या माथी मारला गेला यावर बिल्डरशी वाद घालतो. त्याला एकशे तीस हा तीसपेक्षा मोठा असतो हे कळणार नाही असं मानणं, हा त्याचा अपमान आहे. आणि सोपे शब्द म्हणून जे निवडले त्यांची जात तरी पाहा. ‘गुड’, ‘सॅटिस्फॅक्टरी’, ‘पुअर’, ‘व्हेरी पुअर’. ही भाषा शाळेच्या प्रगतिपुस्तकाची. हवा नावाची एक मुलगी आहे, पावसाळ्यात ती बऱ्यापैकी अभ्यास करते, दसऱ्यानंतर तिचं लक्ष उडतं, सहामाहीला ती कच्ची ठरते आणि तिमाहीची आठवण काढून बाई शेरा मारतात. नापास झाली तर ती. तिच्यात धूर सोडणाऱ्यांचं नाव प्रगतिपुस्तकात येत नसतं. अमेरिकेच्या तक्त्यात दोष असतील, पण तिथले शब्द निदान माणसाकडे पाहतात: ‘अनहेल्दी’, ‘व्हेरी अनहेल्दी’, ‘हॅझर्डस’, म्हणजे धोका तुला आहे बाबा. आपले शब्द हवेकडे पाहून हळहळतात. मूळच्या कागदोपत्री आपल्याकडे ‘मॉडरेटली पोल्यूटेड’ असा एक खण होता. वापरता वापरता त्यातलं ‘पोल्यूटेड’ गळून पडलं आणि नुसतं ‘मॉडरेट’ राहिलं. प्रदूषण हा शब्द प्रदूषणाच्याच तक्त्यातून इतक्या अलगद निसटला की कुणाला चाहूलही लागली नाही.

सगळ्याच देशांत असे शब्द असतात, हाही युक्तिवाद होतो. असतात की. इंग्रजी ज्यांची मायबोली त्या ब्रिटनमध्येही ‘व्हेरी’ वापरतात. तिथली पट्टी एक ते दहा अशी आहे, आणि दहाव्या, शेवटच्या घराचं नाव ‘व्हेरी हाय’. पीएम २.५ ची चोवीस तासांची सरासरी ७१ मायक्रोग्रॅमला पोचली की ते लागतं; त्याच्या वर त्यांच्याकडे शब्दच नाही. हे ७१ मायक्रोग्रॅम नोएडाच्या तक्त्यात आणून ठेवा. ‘मॉडरेट’. लंडनमध्ये ज्या हवेला शेवटचा शब्द खर्ची पडतो, त्या हवेत आपण ‘आज बरंय’ म्हणून मुलांना खाली खेळायला सोडतो. आपलं ‘सॅटिस्फॅक्टरी’ ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं; जगभरासाठी २०२१ मध्ये सुधारलेली चोवीस तासांची मार्गदर्शक मर्यादा आहे १५. म्हणजे मर्यादेच्या चौपट धुळीपर्यंत आपलं समाधान शाबूत. इतकं समाधानी राष्ट्र पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच असेल.

आता सर्वांत भारदस्त आक्षेपाकडे. ‘व्हेरी’ हा काही शोभेचा शब्द नाही, त्याला कायद्याचं बळ आहे, असं सांगितलं जातं. २०१७ पासून लागू असलेला ‘ग्रॅप’ हा टप्प्याटप्प्याचा आराखडा याच शब्दांवर चालतो: ‘पुअर’ला पहिली पायरी, ‘व्हेरी पुअर’ला दुसरी, ‘सिव्हिअर’ला तिसरी. शब्द बदलला की यंत्रणा हलते. ऐकायला उत्तम. फक्त एक बारीकसा तपशील राहतो: पायरी चढायची की नाही हे ठरतं दिल्लीच्या आकड्यावरून. संपूर्ण एनसीआरसाठी, म्हणजे राजधानी परिसरासाठी, दिल्लीचा आकडा प्रमाण. नोएडात ३५० असेल आणि दिल्लीत २९० असेल, तर नोएडाचं ‘व्हेरी’ हे बिनपगारी, मानद स्वरूपाचं. त्याने एक पानही हलत नाही. यमुनेपलीकडून ‘व्हेरी’ मंजूर होऊन आलं की मगच अलीकडे ते अधिकृत. बरं, आलं. अधिकृत ‘व्हेरी’ने नेमकं काय घडतं? झाडणं, पाणी मारणं, तपासण्या वगैरे कार्यालयीन कलमं सोडून द्या. दुसऱ्या पायरीवर नागरिकांनी काय करावं याची यादी वाचण्याजोगी आहे. सार्वजनिक वाहनाने जा. कमी गर्दीचा रस्ता धरा, थोडा लांबचा पडला तरी चालेल. म्हणजे हवा जास्त वाईट आहे, सबब गाडी जास्त चालवा. आणि मग ते अजरामर कलम: आपल्या वाहनाचे एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीत बदलत राहा. वाहनाचे! शहराची हवा ‘पुअर’ची ‘व्हेरी पुअर’ झाली तेव्हा ज्याच्या श्वासाची सर्वप्रथम काळजी वाटली तो प्राणी चार चाकांचा निघाला. मोटारीला स्वच्छ हवा मिळावी. मालकाने नाकाला रुमाल बांधावा की बांधू नये, तो त्याचा खासगी प्रश्न. मोटारीला हप्ते असतात, विमा असतो, पुनर्विक्रीची किंमत असते. फुप्फुसाला यातलं काहीच नाही, त्यामुळे त्याची देखभाल कुठल्या पायरीत बसवायची हे ठरत नसावं. याच पायरीवर गृहसंस्थांनाही एक सूचना आहे: सुरक्षारक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना विजेचे हीटर द्या, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. सूचना चांगली आहे, मनापासून चांगली. पण त्या फाटकाशी जाऊन एकदा उभं राहावं. बारा तासांची पाळी, प्लास्टिकची खुर्ची, पातळ स्वेटर, पुढ्यातून संध्याकाळच्या दोन तासांत शेकडो गाड्या, प्रत्येक गाडी अडथळ्यापाशी थांबून धूर सोडणार आणि काच खाली न करता आत जाणार. वर अठराव्या मजल्यावर प्रत्येक खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र, त्याच्या पडद्यावर हिरवा आकडा. खाली चार काटक्या आणि एक पुठ्ठा जळतो, त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो, आणि तीस मजली इमारतींच्या, सहा पदरी रस्त्यांच्या, डिझेलवर घरघरणाऱ्या जनरेटरांच्या या शहरात प्रदूषणाचा आरोपी रंगेहाथ सापडतो: मध्यरात्री तीन वाजता हात शेकणारा माणूस. ‘दीर्घकाळ संपर्क टाळा’ ही सूचना त्याला कुणी वाचून दाखवावी? त्याने संपर्क टाळला तर पगार कापतात. त्याच्यासाठी ‘पुअर’ आणि ‘व्हेरी पुअर’ यांतला फरक एकच: ‘व्हेरी’त साहेब लोक बाहेर पडत नाहीत, मग त्यांचं सामान आणणारी मुलं दुप्पट येतात आणि वहीत नोंदी दुप्पट कराव्या लागतात.

राहिला शेवटचा आक्षेप, सभ्य माणसांचा. कडक शब्द वापरले तर लोक घाबरतील; सरकारी भाषा शांत हवी. हे खरं मानलं असतं, जर तंबाखूच्या पाकिटांची गोष्ट ठाऊक नसती. एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला असतो. सडलेले अवयव, आणि शेजारी कर्करोगाचा, वेदनादायक मृत्यूचा स्पष्ट उल्लेख. तिथे कुणाला घाबरवण्याचा संकोच वाटला नाही, आणि वाटू नयेच. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने धूर ओढणाऱ्याला सरकार मृत्यूचं नाव घेऊन दरडावतं. फुकटात, मर्जीविरुद्ध, झोपेतसुद्धा धूर ओढणाऱ्याला मात्र ‘व्हेरी पुअर’ म्हणून चुचकारतं. पाकिटावर ‘तंबाखूची गुणवत्ता अतिखराब’ असं छापून पाहावं; धूम्रपान करणारे चांगल्या गुणवत्तेची मागणी करत दुकानदाराच्या अंगावर जातील. भीती घालायची नसेल तर घालू नका, पण मग भीती वाटण्याजोगी हवाही घालू नका. हवा तिखटजाळ आणि शब्द गोडमिट्ट, हा मेळ कुठल्याच भाषेत बसत नाही.

चारशेनंतरची कथा तर आणखी करुण आहे. ४०१ ला ‘सिव्हिअर’ लागतं, तिसऱ्या पायरीवर बहुतेक बांधकामं थांबतात, वीटकाम करणारे बसून राहतात. साडेचारशे ओलांडल्यावर आराखडा करणाऱ्यांना आणखी एका शब्दाची गरज पडली, आणि बहुधा कोशात हात घातल्यावर हाताला काही लागलं नाही. ‘व्हेरी’ खालीच खर्चून बसलेलं. मग त्यांनी अधिकचं चिन्ह उचललं: ‘सिव्हिअर प्लस’. शब्द संपले, आता बेरीज. मोबाइलच्या नव्या मॉडेलला शोभेल असं नाव श्वास कोंडण्याला मिळालं, आणि त्यात थोडी प्रतिष्ठाही आली. नुसत्या ‘सिव्हिअर’मध्ये राहणारे गाझियाबादवाले आता कमी दर्जाचे. १८ नोव्हेंबर २०२४ ला यमुनेपलीकडे दिल्लीचा आकडा ४९४ होता. पट्टी पाचशेला संपते. त्याच्या पुढे धूळ गेली तरी निर्देशांक पुढे जात नाही, म्हणजे त्या दिवशी देशाच्या राजधानीकडे बिघडायला फक्त सहा गुण शिल्लक होते. सातव्या गुणाला काय म्हणायचं, याची तरतूद नाही. सोसायट्यांच्या ग्रुपवर लोक स्वतःहून ‘व्हेरी व्हेरी पुअर’ लिहितात ते याच हतबलतेतून. तक्त्याच्या नियमाने पाहिलं तर ‘व्हेरी व्हेरी’ ६०२ पासून सुरू व्हायला हवं, आणि ते पट्टीबाहेर पडतं, म्हणून अस्तित्वातच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे आणि तिला काही खर्चही नाही. सहाही खणांतली विशेषणं आणि ते एक क्रियाविशेषण काढून घ्यावं. दुपारी चारच्या पत्रकात घनमीटरला इतके मायक्रोग्रॅम, एवढंच छापावं, शेजारी मर्यादा किती ते छापावं, आणि नोएडाचा आकडा नोएडासाठी धरावा. जोर कुठे आणि किती द्यायचा ते लोकांवर सोडावं. मराठी माणसापुरतं बोलायचं तर त्या कामाचे शब्द त्याच्याकडे भरपूर आहेत. त्यातले बरेचसे छापण्याजोगे नाहीत, ही अडचण तेवढी कबूल.